डग फोर्डच्या राज्यात यावं का? माझं लांबलेलं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोप उडाली. तुम्ही विचारलंत ते एवढंच: नवरा सिव्हिल इंजिनिअर, मुलगी सातवीत, कॅनडात टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला यायचा विचार आहे, पण तिथल्या ऑन्टारिओ प्रांताचा मुख्यमंत्री डग फोर्ड म्हणजे छोटा ट्रम्प असं ऐकलंय, तर दुसरा प्रांत बघावा का? व्हिसा, पॉइंट, फी याबद्दल मी काही सांगत नाही. ते सरकारी साइटवर असतं आणि सारखं बदलतं.

मी सांगलीचा, मीही सिव्हिलवाला. 2015 च्या ऑगस्टमध्ये इथे आलो. पहिली तीन वर्षं मला प्रांताचा मुख्यमंत्री कोण हेही धड माहीत नव्हतं. टीव्हीवर तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो दिसायचे, फोनवर मोदी-ठाकरे. इथे शाळा, दवाखाना, घरभाड्याचे नियम, किमान वेतन, इंजिनिअरच्या परवान्याचे कायदे हे सगळं प्रांताच्या हातात असतं, हे कळायला मला फार वेळ लागला. म्हणजे तुमचं पोट राजधानी ओटावावर कमी आणि टोरंटोतल्या क्वीन्स पार्कवर, म्हणजे प्रांताच्या विधानसभेवर, जास्त अवलंबून.

तर हा डग फोर्ड. त्याला समजायला ट्रम्पची गरज नाही, आपला एखादा वजनदार नगरसेवक डोळ्यांसमोर आणा. घरचा लेबलं छापायचा धंदा. वडील एका टर्मपुरते प्रांताचे आमदार. धाकटा भाऊ रॉब टोरंटोचा महापौर, तोच तो, ड्रग्जच्या प्रकरणाने जगभर गाजलेला. डग त्याच वेळी नगरसेवक. 2014 मध्ये रॉबला कॅन्सर निघाला तेव्हा त्याच्या जागी डग महापौरपदाला उभा राहिला आणि पडला. 2018 च्या मार्चमध्ये प्रांताच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा नेता झाला आणि जूनमध्ये 124 पैकी 76 जागा घेऊन थेट मुख्यमंत्री. पुढे भाचाही मंत्री झाला. घराणेशाही आपल्याकडेच असते असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी. स्वतःचा मोबाइल नंबर लोकांना वाटत फिरतो. उन्हाळ्यात बर्गर भाजून जत्रा भरवतो, फोर्ड फेस्ट म्हणून. आल्या आल्या महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना टोरंटोचे होणारे 47 नगरसेवक 25 वर आणले. जुना हिशोब चुकता केला, असं आमच्या गोदामातले सगळे म्हणाले.

गोदाम म्हणालो ना, ते सांगतो. परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव लागायचा, त्यातलं एक वर्ष कॅनडातलं, इथल्या परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली. परवाना नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. त्यात आमचं पाकीट. विद्यापीठाकडून मार्कलिस्ट सीलबंद पाकिटातच यायला हवी होती. ते पाकीट चुकून सांगलीच्या घरी गेलं, आणि भावाने नाव बरोबर आहे ना हे बघायला फोडून पुन्हा फेविकॉलने चिकटवून पाठवलं. परत आलं. दुसऱ्या पाकिटाला पाच महिने लागले, कारण क्लार्क दिवाळीच्या सुट्टीवर आणि मग त्याची बदली. भावाला मी आजही त्यावरून बोलतो आणि तो आजही म्हणतो, मी चांगल्यासाठीच फोडलं. तोवर मी रात्रपाळीला खोकी उचलत होतो, नंतर ड्राफ्टिंगचं काम मिळालं, आजही तेच करतो.

आता गंमत बघा. 2021 मध्ये ही कॅनडातल्या अनुभवाची अट काढायचा कायदा कुणी केला? याच फोर्ड सरकारने. इंजिनिअरांसाठी ती 2023 च्या मे महिन्यात उठली. 2026 पासून तर पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत तसं लिहायचीही बंदी. तुमच्या नवऱ्याला याचा फायदा होईल. मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. फॉर्म उघडला, पहिलं पान भरलं आणि बंद केला. का, ते बायकोलाही सांगता आलं नाही.

माझ्या हिशोबाने या माणसाचे वाईट निर्णय आम्हाला वेळेवर मिळाले आणि चांगले उशिरा. किमान वेतन 2019 च्या जानेवारीत 15 डॉलर व्हायचं होतं, ते 14 वर गोठवलं. आजारपणाच्या दोन भरपगारी सुट्ट्या काढून घेतल्या, आणि मग करोनात ब्रॅम्प्टनची गोदामं आजारी पडली तेव्हा, एप्रिल 2021 च्या शेवटी, तीन परत दिल्या. त्याच महिन्यात पोलिसांना रस्त्यात कुणालाही थांबवायचा अधिकार दिला, मुलांची खेळाची मैदानं बंद केली, आणि लोक खवळल्यावर दोन दिवसांत दोन्हींवर माघार. ही त्याची खोडच आहे. आधी पुढे रेटायचं, मग चुकलं म्हणायचं. टोरंटोभोवतीच्या ग्रीनबेल्टमधली, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या हिरव्या पट्ट्यातली, सात हजारांवर एकर जमीन बिल्डरांना मोकळी केली, लेखापरीक्षकांनी मालकांना आठ अब्ज डॉलरच्या वर फायदा होईल असं दाखवलं, तर 2023 च्या सप्टेंबरमध्ये माफी मागून सगळं रद्द. आपल्याकडे असं कुणी माफी मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून सुरुवातीला भारी वाटायचं.

भाड्याचं मात्र नीट ऐका, कारण हे कुणी सांगत नाही. 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना वार्षिक भाडेवाढीची मर्यादा लागू नाही. नवीन चकचकीत बेसमेंट बघून भुलू नका, आधी तारीख विचारा.

एकटेपणाचं न विचारताच सांगतो. असतो. मंडळाचा गणपती असतो, बाकी बर्फ असतो. पुढे.

आणि ट्रम्प म्हणाल, तर 2025 मध्ये हाच त्याच्या अंगावर गेला. ‘कॅनडा विकायला नाही’ अशी टोपी घालून फिरला, सरकारी दुकानांतून अमेरिकन दारू उतरवली, तीन अमेरिकन राज्यांच्या विजेवर 25 टक्के अधिभार लावला आणि (ओळखलंत) दुसऱ्याच दिवशी स्थगित केला. दारू-विजेच्या आधीच, ट्रम्पविरोधाच्या लाटेवर 27 फेब्रुवारीला, ऐन बर्फात, तिसऱ्यांदा बहुमत. परदेशातून आलेल्यांचा द्वेष करतो म्हणाल, तर मला तसं वाटत नाही. आमच्या भागातले पंजाबी लोक त्याच्या मंत्रिमंडळात आहेत, मतंही त्याला भरभरून पडतात.

माझा मुलगाही फोर्डचाच समर्थक. तो इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करतो, आणि हा नेता कारागिरांबद्दल जसं बोलतो तसं दुसरं कुणी बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. बांधकामातल्या काही युनियननीही 2022 मध्ये फोर्डला पाठिंबा दिला होता. माझं त्यावर काही म्हणणं नाही. म्हणजे आहे. तो 2019 मध्ये नववीला गेला. त्या वर्षी वर्गातली मुलं वाढवण्यावरून आणि सक्तीच्या ऑनलाइन विषयांवरून सरकार आणि शिक्षकांची जुंपली, संपावर संप, मार्चमध्ये करोना. दहावी बरीचशी स्क्रीनवर. गणितात हुशार होता हो, सांगलीत पाढे तिसापर्यंत पाठ. मी चार वर्षं फोर्डला शिव्या घातल्या. 2022 मध्ये नागरिक म्हणून पहिलं मत द्यायची वेळ आली, तेव्हा शिफ्टचं कारण काढून गेलो नाही. त्या वेळी जेमतेम 44 टक्के मतदान झालं होतं. न गेलेल्यांत मी.

पण खरं सांगायचं तर मुलाचं गाडं फोर्डने अडवलं नव्हतं. तेव्हा नववीतच मुलांची विभागणी व्हायची, एक वाट विद्यापीठाकडे नेणारी अकॅडेमिक, दुसरी सोपी अप्लाइड. ही पद्धत फोर्डच्या आधीपासूनची. उलट ती बंद याच्याच सरकारने केली, गणितात 2021 पासून, बाकी विषयांत पुढच्या वर्षी. आम्हाला दोन वर्षं उशीर.

तुमच्या मुलीला नववीत आता हे नाही, दहावीत मात्र वाटा अजून फुटतात. शाळेने प्रेमाने सुचवलं की हिला सोपं जाईल ते घ्या, तर हसून ‘घरी विचारते’ म्हणा, सही लगेच करू नका. आठवीतल्या शिक्षिकेने माझ्याकडे कागद दिला तेव्हा मी रात्रपाळी संपवून आलो होतो. शाळेच्या पार्किंगमध्ये, गाडी चालूच ठेवून, बॉनेटवर ठेवून सही केली. वाचला नव्हता.