कोकणात व्हीलचेअर नेताना

"व्हीलचेअर चालते आमच्याकडे" एवढ्यावर खोली बुक करू नका. न्हाणीच्या दारात टेप धरून फोटो मागवा. खुर्चीची रुंदी चाकांवरच्या कड्यांसकट मोजा. बहुतेकदा 25 इंचांच्या आसपास भरते, आणि जुन्या घरांत न्हाणीचं दार 24 इंचांचंही निघतं. उघडलेल्या दाराची जाडीही आड येते, म्हणून चौकटीचं नव्हे, मोकळ्या जागेचं माप विचारा. उंबरा आणि पायऱ्यांची उंचीही. 6 इंचांच्या पायरीला 1:12 उतारानं, म्हणजे 1 इंच उंचीला 12 इंच लांबी धरून, 6 फुटी रॅम्प लागतो. 3 फुटीवर चढताना खुर्ची मागे कलंडू शकते. वाळूत पुढची छोटी चाकं रुततात, तिथे खुर्ची उलटी फिरवून ओढत न्या. वाटेत पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) असेल तर ती जागा सरळ वगळा.