फुटबॉलपटू मागिको गोन्झालेसकडे फारशा ट्रॉफ्या नाहीत, मग मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये त्याला एवढा मान का?

कारण लोकांनी त्याच्या ट्रॉफ्या मोजल्याच नाहीत, त्याच्या पायातल्या जादूवर जीव लावला. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये हंगेरीने एल साल्वादोरला १०-१ ने धुतलं, तिन्ही सामने हरून संघ घरी परतला. पण मागिकोचा, म्हणजे होर्हे गोन्झालेसचा, खेळ स्पेनच्या नजरेत भरला आणि त्याच वर्षी कादिझ क्लबने त्याला घेतलं. ‘मागिको’ म्हणजे जादुई. कादिझच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघा: चेंडू पायाला चिकटलेला, बचावपटू एका बाजूला झुकला की हा दुसऱ्या बाजूने पसार. त्याच्या या चकव्याचं नाव ‘कुलेब्रिता माचेतेआदा’, म्हणजे कोयत्याने तोडलेला छोटा साप. इतकं चपखल नाव दुसऱ्या कुठल्या चकव्याला नसेल! खुद्द मॅराडोनाने त्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं. सान साल्वादोरच्या राष्ट्रीय स्टेडियमला तो हयात असतानाच त्याचं नाव दिलं गेलं.

मात्र ‘ट्रॉफ्या नाहीत’ हे पूर्ण खरं नाही. युरोपला जाण्याआधी, १९७९ मध्ये, एल साल्वादोरच्या एफएएस क्लबकडून तो कॉन्ककॅफ चॅम्पियन्स कप (उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या क्लबांची स्पर्धा) जिंकला होता. रात्रीची जागरणं आणि सरावाचा कंटाळा यामुळे युरोपात तो फार वर गेला नाही, हेही तितकंच खरं.