पेन्सिलचा कागद शाबूत होता

पोरी,

परवा तू गेल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. दीड तास बोललीस. निवड समितीकडे इमारतीचे नकाशे द्यायचे त्याच सकाळी लॅपटॉप बंद पडला. दुसरीकडून फाइल काढून धावलीस तर रस्ता अडलेला. पोचलीस तेव्हा मुदत संपून १२ मिनिटं झाली होती. मग आठवडाभर ताप. तापातून उठून कामावर गेलीस, तर तुझीच कल्पना कुणीतरी स्वतःच्या नावावर मांडून मोकळा झालेला. यातलं एकेक तुला वारासकट, वेळेसकट पाठ होतं. मी मध्येच विचारलं, "आणि त्या नकाशांचं पुढे काय केलंस?" तर खाली बघून म्हणालीस, "७ आठवडे झाले काका, फाइल उघडलीच नाही. माझं नशीबच असलं."

त्या वाक्यामुळे लिहायला बसलो. तू कष्टाळू आहेस, हुशार आहेस, हे तुला माहीत आहे. ते सांगण्यात कागद घालवत नाही. एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. नशिबाची नोंद कामाच्या वहीत करू नकोस.

मी २६ वर्षांचा असताना एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसरचं काम करायचो. पेन्सिलच्या मूळ ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि एकेक रेघ शाईने उतरवायची. रेघ चुकली तर ब्लेडच्या धारेने हलक्या हाताने खरवडायची. त्याच जागी पुन्हा खरवडलं की कागदाचा पोत जातो आणि पुढची शाई पसरते. एका पुलाची मुख्य शीट माझ्याकडे आली. १९ दिवस मी तिच्यावर घालवले. त्या शीटवर मी अक्षरशः श्वास रोखून काम केलं. शेवटची रेघ ओढली त्या शनिवारी रात्री छत गळलं. सोमवारी येऊन बघतो तर कागद फुगलेला आणि शाई ओघळून कडेपर्यंत गेलेली.

इथपर्यंतची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. लोक हळहळायचे. पुढची गोष्ट मात्र मी फारशी कुणाला सांगितलेली नाही, ती तुला सांगतो.

पेन्सिलचं मूळ ड्रॉइंग कपाटात होतं, कोरडं, शाबूत. वरिष्ठ म्हणाले, ८ दिवस देतो, पुन्हा चढव. मी नाही म्हणालो. इतकी मेहनत करून माझ्याच शीटवर पाणी पडायचं असेल, तर ती शीट माझ्या नशिबात नाही, असं म्हणालो आणि दुसरं किरकोळ काम मागून घेतलं. माझ्याहून लहान एका मुलाने ती शीट ९ दिवसांत पुरी केली. खालच्या उजव्या चौकटीत 'ट्रेस्ड बाय'समोर त्याची आद्याक्षरं आली. छताने माझे १९ दिवस नेले, हे खरं. पण तो पूल छताने नेला नाही, मी सोडला. आणि ही दोन्ही नुकसानं मी 'नशीब' या एकाच नावाखाली मांडून ठेवली, पुढची कितीतरी वर्षं.

तुझ्या गोष्टीतही मला तेच दिसतं, म्हणून जीव तुटतो. लॅपटॉप, रस्ता, ताप हे नशीब. त्याच्याशी भांडता येत नाही, त्याला कारण विचारता येत नाही. तुझी कल्पना दुसऱ्याने उचलली, ते नशीब नव्हे. तो अन्याय आहे आणि त्याला नशीब म्हणणं म्हणजे त्या माणसाला सोडून देणं. तिथे तू तोंड उघडायला हवं होतंस. अजूनही उघड; तारखांसकट लेखी दे. आणि ७ आठवडे फाइल न उघडणं हे नशीबही नाही, अन्यायही नाही. ते काय आहे ते तुला कळतं. तिन्ही गोष्टी एका गाठोड्यात बांधल्यास, म्हणून ते उचलवत नाहीये.

तू म्हणालीस, सगळं एकापाठोपाठ माझ्याच वाट्याला का? मला याचा मनापासून राग येतो, कारण हा प्रश्न मीही फार वर्षं विचारला. नाणं १०० वेळा उडव आणि लिहून ठेव. कुठेतरी सलग ५ वेळा एकच बाजू पडलेली दिसेल, जवळजवळ हमखास. नाण्याचा तुझ्यावर डूख नसतो. ३ सारख्या रांगांपैकी एकीत उभी राहिलीस, तर उरलेल्या दोनपैकी एखादी तुझ्या आधी सरकण्याची शक्यता दोनतृतीयांश असते. म्हणजे 'माझीच रांग हळू' हा अनुभव सगळ्यांचाच, रोजचा. आणि जी रांग भराभर सरकली तिची आठवण कोण ठेवतं? तुझा लॅपटॉप ज्या शेकडो सकाळी सुरळीत चालू झाला, त्यांचे वार सांग बघू मला.

खरं दुर्दैव कसं असतं ते सांगतो. गियोम ल जाँती नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ होता. शुक्र सूर्यबिंबावरून सरकतो तेव्हाच्या अचूक वेळा नोंदवल्या, तर पृथ्वी-सूर्य अंतर काढता येईल, यासाठी तो १७६०मध्ये पाँडिचेरीला निघाला. वाटेत कळलं, शहर इंग्रजांनी घेतलं. ६ जून १७६१ला तो समुद्रात होता. आकाश स्वच्छ, पण डोलणाऱ्या जहाजावरून घेतलेल्या नोंदींना किंमत नव्हती. शुक्राचं असं सरकणं म्हणजे अधिक्रमण, आणि पुढचं अधिक्रमण १७६९मध्ये. तो घरी परतला नाही, ८ वर्षं थांबला. पाँडिचेरी फ्रेंचांकडे परत आल्यावर तिथे वेधशाळा उभारली. ४ जूनच्या पहाटे ढग आले, शुक्र बिंबावरून जाईपर्यंत राहिले आणि मग सूर्य लख्ख बाहेर आला. त्यानंतरचं अधिक्रमण थेट १८७४चं. १७७१मध्ये तो मायदेशी पोचला तेव्हा त्याला मृत धरून वारस मालमत्तेची वाटणी करू पाहत होते आणि फ्रेंच विज्ञान अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिली होती.

हा माणूस मला प्रिय आहे, पण तो दुर्दैवी होता म्हणून नाही. त्या ८ वर्षांत तो वाट बघत नुसता बसला नाही. त्याने मादागास्करच्या किनाऱ्याचा अभ्यास केला, हिंदी महासागरातल्या वाऱ्यांच्या आणि भरती-ओहोटीच्या नोंदी घेतल्या, भारतीय ज्योतिषी ग्रहणं कशी वर्तवतात ते बसून शिकून घेतलं. ढग आले त्यानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ लेखणी उचलायचं त्याला धाडस होत नव्हतं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. दोन आठवडे, पोरी. मग उचलली. त्याच्या प्रवासाचे दोन जाडजूड खंड १७७९ आणि १७८१मध्ये छापून आले. शुक्राने दगा दिला तो एका वहीत, वाऱ्यांच्या नोंदी दुसऱ्या वहीत. मी २६व्या वर्षी हे शिकलो असतो तर?

समाधानाबद्दल विचारलंस. म्हणालीस, "तुम्ही इतके समाधानी कसे?" तुला वाटतं मी मिळेल ते गोड मानून घेतो. अजिबात नाही. समाधान म्हणजे मान खाली घालणं, असं सांगणाऱ्या माणसांपासून लांब राहा. मला समाधान मिळालं ते फक्त एका जागी: ओढायला घेतलेली रेघ जिथे मिळायला हवी तिथेच येऊन मिळाली, की. ते कुणी बघो न बघो, वर सही कुणाचीही असो. छत गळून हे जात नाही, १२ मिनिटांचा उशीर झाला म्हणून हे जात नाही. काम अर्धवट टाकलं की मात्र जातं. त्या पुलाची शीट मी स्वतः टाकली, म्हणून आज इतक्या वर्षांनीही ती छातीत टोचते. पावसाने गेलेली पहिली शीट टोचत नाही.

लोक वेगळं बोलतात, तुझ्याही कानावर आलं असेल. मला पर्यवेक्षकाची जागा दोनदा देऊ केली होती, मी घेतली नाही. घरातसुद्धा म्हणतात, त्या पुलाच्या रुसव्यातून हा कधी बाहेरच आला नाही, कोपऱ्यात बोर्ड धरून बसला. तसं नाहीये. रुसवा २-३ वर्षं होता, तो मी कबूल करतो. त्यानंतर बोर्डापाशी राहिलो ते मला रेघ सोडवत नव्हती म्हणून. वर जाऊन दुसऱ्यांच्या रेघा तपासत बसण्यापेक्षा स्वतः ओढणं मला मोलाचं वाटलं आणि आजही वाटतं. मी स्वतःचीच समजूत घालतोय असं तुला वाटेल. वाटू दे. पण त्या वर्षांत मी एकही शीट अधुरी ठेवली नाही, आणि हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

तुला माझ्यासारखी इतकी वर्षं लागू नयेत. तुझं मूळ ड्रॉइंग कपाटात कोरडं आहे, कळतंय का? फाइल आहे, तू आहेस. ती मुदत गेली, ते नशीब. लिही तिकडे आणि मिटव ती वही. नकाशे कामाच्या वहीतले आहेत आणि ते अजून अपुरे आहेत. समितीने घेतले असते तरी अपुरेच होते, हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगतो.

शनिवारी सकाळी ये. फाइल घेऊन ये. रस्त्याचं, तापाचं काही ऐकणार नाही. गेल्या महिन्यात तू ठेवून गेलेली प्रत मी काल पुन्हा काढून बघितली. जिन्याच्या छेदात, म्हणजे उभा कापून दाखवलेल्या चित्रात, खालच्या टप्प्याच्या पायऱ्यांची उंची आणि वरच्या टप्प्याची उंची जुळत नाही. चढणारा माणूस वळणावर अडखळेल. आधी ते सोडवू.

तुझा,
काका