‘फक्त सायलेन्सर बदलला होता’

प्रश्न : मी २०१५ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० घेण्याच्या विचारात आहे. मालक म्हणतो, ‘फक्त सायलेन्सर बदलला होता, तोही परत कंपनीचा बसवला आहे.’ आणखी काही फेरफार झाले असल्यास ते मेकॅनिक नसलेल्या माणसाने कसे ओळखावेत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मालकाच्या वाक्यातला ‘फक्त’ बाजूला ठेवून गाडी पाहायला जावे. मोकळा सायलेन्सर लावला की मिश्रणात पेट्रोल कमी पडू लागते, अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गाडी फटाके फोडते आणि मग गॅरेजवाला कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, मोठा करून देतो. पुष्कळदा एअर फिल्टरचा डबा काढून तिथे शंकूसारखा उघडा फिल्टरही बसवतो. विकायच्या वेळी सायलेन्सर परत येतो, मोठा जेट मात्र आतच राहतो. या इंजिनाला दोन स्पार्क प्लग आहेत. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून, इंजिन निवल्यावर दोन्ही काढून दाखवायला सांगावे. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी धरली असेल तर जेटबद्दल किंवा तुंबलेल्या फिल्टरबद्दल विचारणे भाग आहे. बेंड पाइप, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी, निळा पडला म्हणजे गाडी छेडली आहे, असे अनेक जण सांगतात. त्यावर फार विसंबू नये. हात न लावलेल्या गाडीचा पाइपही उष्णतेने निळा पडतो.

माझा खरा भरवसा हेडलाइटच्या आतल्या वायरिंगवर आहे. मी स्वतः एकदा बाहेरून अगदी कोरी दिसणारी बुलेट घेतली आणि महिन्याभराने हेडलाइट उघडला, तेव्हा आत चिकटपट्टी गुंडाळलेले सात-आठ जोड आणि वितळून पिवळा पडलेला होल्डर निघाला. मूळचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो; त्याजागी जास्त वॅटचा बल्ब आणि मोठा हॉर्न जोडून, विकण्यापूर्वी दोन्ही काढून घेतले होते. हेडलाइट उघडायला स्क्रू-ड्रायव्हर आणि पाच मिनिटे पुरतात, तेवढे आवर्जून करावे.

चाके आणि ब्रेक नजरेनेच कळतात. २०१५ च्या क्लासिक ३५० ला तारांची चाके आणि मागे ड्रम ब्रेक येत असे, त्यामुळे अ‍ॅलॉय किंवा मागची डिस्क दिसली तर ती नंतर बसवलेली आहे.

आरसीवरचा चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग आणि ३४६ सीसी ही नोंद गाडीशी ताडून पाहावी. पंच केलेल्या आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत, आणि कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी आपल्या नावावर झाली, की हे उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते.

काढलेले मूळ भाग घरी गोणपाटात ठेवले आहेत का, हेही विचारावे. ते नसतील तर त्यांची किंमत वजा करूनच बोलणी करावीत आणि गाडी नावावर करण्याच्या नमुना २९ व ३० या अर्जांवर सह्या त्यानंतरच कराव्यात.