कांद्यावर खासदारांनी मत कसं दिलं?

प्रश्न : ‘कांदा निर्यातबंदीला माझा विरोधच होता’ असं आमचे खासदार दर सभेत सांगतात. संसदेत त्यांनी मत कुठल्या बाजूने टाकलं, हे कुठे बघायला मिळेल?
— एक कांदा उत्पादक, निफाड तालुका

उत्तर : कुठेच नाही, दादा. मतदान झालंच नव्हतं! ऑगस्ट २०२३मधलं ४० टक्के निर्यातशुल्क आणि त्याच डिसेंबरातली निर्यातबंदी, दोन्ही केंद्राने अधिसूचना, म्हणजे सरकारी आदेश, काढून लादलं. लासलगावात लिलाव बंद पडले, पण सभागृहात हात वर करायची वेळ कुणावर आली नाही. त्यामुळे ‘विरोध होता’ म्हणायला मोकळीक भरपूर.

विधेयकांचंही फार वेगळं नाही. बहुतेक आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चा गलका मोठा की ‘नाही’चा, एवढंच पाहतात. २०२०ची कृषी विधेयकं राज्यसभेत अशीच झाली. मतांची नोंद होते ती मतविभाजन झालं, म्हणजे प्रत्येक सदस्याचं मत मोजलं, तर. घटनादुरुस्तीला ते लागतंच, म्हणून महिला आरक्षणाचे ४५४ विरुद्ध २ हे लोकसभेतले आकडे आपल्याला माहीत आहेत. तिथेही पक्षादेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते, तेव्हा त्या मतावरून माणूस कितपत ओळखायचा हा प्रश्नच आहे.

मी तुमच्या जागी असतो तर लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदारांच्या नावापुढचे प्रश्न आणि शून्य प्रहरातली (तातडीचे विषय मांडायच्या वेळेतली) भाषणं काढली असती. कांदा त्यात आहे का? असला तर तारीख कुठली, बंदीच्या आठवड्यातली की निवडणुकीच्या तोंडावरची? मात्र ते तेव्हा मंत्री असतील तर शोधू नका, मंत्री प्रश्न विचारत नाहीत.