ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे शेवटी मृत देहासह उठणार असतील, तर दहन केलेल्या माणसाचं काय?

तोही उठतो. आमच्या श्रद्धेत याबद्दल शंका नाही. मी वसईचा कॅथलिक. आमच्याकडे मातीला आलेले हिंदू मित्र हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. मारलेल्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, कशासाठी, तर यांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये. श्रद्धा तसूभरही ढळली नाही. ज्याने शून्यातून सृष्टी निर्माण केली, त्या देवाला माणूस उठवायला हाडं जपून ठेवलेली लागत नाहीत.

दफनाची रीत यहुदी परंपरेतून आली, शिवाय येशूलाही कबरेत ठेवलं होतं. कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये दहनाला बंदी घातली, कारण युरोपात काही मंडळी धर्मश्रद्धेला विरोध म्हणून दहनाचा प्रचार करत होती. १९६३ मध्ये परवानगी मिळाली. राख मात्र विखरायची नाही, पवित्र जागीच ठेवायची, असं व्हॅटिकनने २०१६ मध्ये बजावलं. ऑर्थोडॉक्स चर्चला दहन आजही सहसा मान्य नाही.

उठलेला देह कसा असेल? येशूचा संदेश पसरवणारा संत पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की पेरलेलं बी आणि उगवलेलं रोप एकसारखं दिसत नाही, तसंच हे आहे. येशूने लाजर नावाच्या मेलेल्या मित्राला कबरेतून बाहेर बोलावलं, पण तो जुन्याच आयुष्यात परतला, त्याला पुढे पुन्हा मरण होतंच. शेवटच्या पुनरुत्थानानंतर मरण नाही. पुन्हा उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे घाव होते आणि त्याने शिष्यांसमोर मासा खाल्ला. नुसता आत्मा तरंगत राहील, असं आम्ही मानत नाही.

न्याय कॅथलिक शिकवणीप्रमाणे दोनदा होतो: मरताक्षणी प्रत्येकाचा वेगळा, आणि युगाच्या अंती सर्वांचा. मधल्या काळात काही आत्म्यांची शुद्धी होते, तिला पर्गेटरी म्हणतात. म्हणूनच २ नोव्हेंबरला आम्ही कबरींवर फुलं-मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतो. प्रॉटेस्टंट हे मानत नाहीत.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती न्यायाची कसोटी. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात न्याय करणारा राजा, म्हणजे ख्रिस्त, विचारतो ते एवढंच: भुकेल्याला खायला दिलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट घेतली का. त्या प्रत्येकाच्या रूपात तो स्वतःच दारी आला होता. विशेष म्हणजे नीतिमान लोकही चकित होतात, आम्ही तुला कधी पाहिलं, असं विचारतात. हा अध्याय वाचताना मला दरवेळी भीती वाटते आणि धीरही येतो.

तुमचा पुढचा प्रश्न बहुधा असेल, की येशूला न मानणाऱ्यांचं काय? जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सांगितलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.