कमान कुठून वाकते ते बघ

म्हापसा

प्रिय बाय,

रविवारी पेडेच्या क्रीडासंकुलाबाहेर बसची वाट बघताना तू कंबर दाबत उभी होतीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "काही नाही ताई, जरा उसण भरलीय." तेवढ्यात डिचोलीची बस आली आणि बोलणं अर्धंच राहिलं. ते पुरं करायला हे पत्र.

उसण दोन-चार दिवसांत उतरते. तुझ्या आईने फोनवर सांगितलं की चवथीची सुट्टी संपल्यापासून दुखतंय, म्हणजे तीन आठवडे झाले. शिवाय जिम्नॅस्टिक्सच्या सरावात मागे वाकून कमान केली की डाव्या बाजूला एकाच जागी दुखतं. तेव्हा खालचं सगळं वाचण्याआधी एक काम कर, हाडांच्या डॉक्टरांना दाखव. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ओपीडी आहे. 'कंबर दुखते' एवढंच सांगू नकोस. कुठे दुखतं ते बोटाने दाखव आणि मागे वाकल्यावर वाढतं हे स्पष्ट सांग. मणक्याच्या हाडाला गेलेली सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, म्हणून एमआरआय सांगितला तर घाबरू नकोस. पायात मुंग्या आल्या, पाय बधिर वाटला किंवा रात्री दुखण्याने जाग आली, तर एक दिवसही थांबू नकोस. दाखवून होईपर्यंत हातापायांवर कमान धरायचा ब्रिज आणि कमानीतून पाय पलीकडे टाकायचा वॉकओव्हर, दोन्ही बंद.

इतकं निक्षून सांगते, कारण मी चौदा वर्षांची असताना कोणाला सांगितलं नव्हतं. मला शिकवणाऱ्यांचं म्हणणं होतं की दुखल्याशिवाय अंग घडत नाही, आणि माझा त्यावर पुरा विश्वास होता. आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी पोशाखाच्या आत कमरेला घट्ट बांधून मी सराव करायचे. कळलं तेव्हा कमरेच्या पाचव्या मणक्याला चीर गेलेली होती. आठ महिने मॅटवर पाय ठेवता आला नाही.

हा पाचवा मणका कमरेतला सगळ्यात खालचा. त्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. आपण मागे वाकतो तेव्हा वरचे-खालचे सांधे त्याला चिमटीत पकडतात. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसंच इथे होतं. शंभरातल्या साधारण सहा माणसांना ही चीर असते आणि अनेकांना ती आयुष्यभर कळतही नाही. जिम्नॅस्टमध्ये तिचं प्रमाण जास्त आहे.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पोटाचे स्नायू कच्चे नाहीत, तू शंभर सिटअप्स सहज काढतेस. दोष दुसरीकडे आहे. तुझ्या बॅक वॉकओव्हरचा व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. हात जमिनीला टेकतात त्या क्षणी तुझी छाती सरळ आहे, मांड्याही जवळजवळ सरळ आहेत आणि मधे, पोशाखाच्या लाल पट्टीच्या जरा वर, वर्तमानपत्राची घडी घालावी तशी एकच घडी पडली आहे. खरं तर कमान खांद्यांतून, पाठीच्या वरच्या भागातून आणि खुब्यांच्या पुढच्या बाजूने वाकायला हवी. ते तिघे आखडलेले, म्हणून सगळा भार एकट्या कमरेवर. वर्षभरात तू किती उंच झालीस बघ! हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात. या वयात मांडीचे पुढचे-मागचे स्नायू बऱ्याचदा आखडतात. दर महिन्याला दारामागे पेन्सिलीने उंचीची खूण कर. ती झपाट्याने वर सरकली की त्या महिन्यात कमानींची संख्या कमी करायची. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी चाळीस वॉकओव्हर तर कधीच नाहीत.

डॉक्टरांनी परवानगी दिली की आपण अगदी लहान हालचालींपासून सुरू करू. माझ्याकडे बाबांचं बीपी मोजायचं जुनं यंत्र आहे, काट्याचं. उताणं पडायचं, गुडघे उभे, पट्टा घडी करून कमरेखाली. फुगा दाबून काटा 40 वर आणायचा. बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं आणि एक पाय वीतभर उचलायचा, अगदी सावकाश. काटा खाली पडला तर कमर उचलली गेली, वर चढला तर तू ती जमिनीवर दाबते आहेस. काटा चाळिसाच्या आसपासच राहायला हवा. वाचायला सोपं वाटेल, पण पहिल्या दिवशी काटा थरथरेल आणि तू श्वास रोखून धरशील. त्यावर माझा उपाय म्हणजे सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. पाढा म्हणताना श्वास रोखता येत नाही.

काटा ऐकू लागला की हातापायांवर ओणवं व्हायचं, कमरेवर पाण्याची वाटी ठेवायची आणि उजवा हात व डावा पाय लांब करायचा. पाणी सांडता कामा नये. मग बुटक्या ठोकळ्यावरून उडी. लँडिंगला धप्प आवाज आला तर तो धक्का तुझ्या कमरेने सोसला असं समज. गुडघे आणि खुबे दुमडून उतरलीस तर आवाज मऊ येतो. ब्रिज सगळ्यात शेवटी, पाय बाकावर ठेवून, म्हणजे वाक खांद्यांना घ्यावा लागतो.

स्वीडनमध्ये टीमजिम, म्हणजे संघाने करायचं जिम्नॅस्टिक्स, करणाऱ्या मुलींकडून कमरेच्या खोल स्नायूंवर ताबा आणणारे असे संथ व्यायाम आठ आठवडे करून घेतले होते. 2007 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या मुलींचे कंबरदुखीचे दिवस कमी झाले. गट लहान होता, म्हणून मी तुला हमी देत नाही. पण माझ्या हाताखालच्या मुलींमध्येही मी हेच पाहत आले आहे.

जिल्ह्याची स्पर्धा हुकेल म्हणून तू गप्प आहेस, हे मला ठाऊक आहे. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत जिम्नॅस्ट प्रणती नायकला बघून तू घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नव्हतीस. तेव्हा ती 28 वर्षांची होती. तू तेरा वर्षांची आहेस. तुझ्या सरांशी मी बोलते, ते तुला वगळतील ही भीती मनातून काढून टाक.

डॉक्टरांचा कागद मिळाला की पुढच्या कुठल्याही बुधवारी चारनंतर घरी ये, आईलाही घेऊन ये. बीपीच्या यंत्राची रबरी नळी चिरली होती, ती कालच बाजारातून नवी आणून बसवली आहे.

तुझी
ताई